चार कोसांचा ‘ए’

अहो, बहिरा म्हणे मी! शहाद्याला इंग्रजी शिकवायचो, तेव्हाची गोष्ट. तपासणीला आलेले साहेब भर वर्गात मला म्हणाले, "मास्तर, ‘सीट’मध्ये ‘ट’च्या आधीचा ई आखूड, ‘सीड’मध्ये ‘ड’च्या आधीचा लांब. एवढंही ऐकू येत नाही?" तसा शेरा मारून त्यांनी माझी बढती अडवली.

मग त्यांना देवदर्शनाला प्रकाशा गावी जायचं होतं. किती लांब ते गाडीवानाला विचारलं, तर तो म्हणाला, "तठेऽऽऽऽ शे!" म्हणजे ‘तिथे आहे’. आमच्याकडे गाव जितकं लांब, तितका स्वर लांबवतात. साहेब "म्हणजे जवळच" म्हणत पायी निघाले.

दुसऱ्या दिवशी पायाला फोड घेऊन परतले, ते गाडीवानाला खोटारडा म्हणतच. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, चार कोसांचा ‘ए’ तुम्हाला ऐकू येत नाही, आणि बढती माझी अडवता?"