झोपेतली नाडी

— ढम्म! नाही, असा नाही, याहून जाड होता तो आवाज, आता तोंडाने काढता येत नाही मला. टाकीच्या आत बसायचो ना मी, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या मागे लोखंडाचा ठोकळा दाबून, आणि तुझा बाप बाहेरून घण घालायचा. कानाच्या आधी छाती हलायची. कान गेले माझे, आणि तो गेला छातीनेच — आवाजाने की कशाने, तेव्हा कुणी विचारलंही नाही. बस ना, त्या डब्यावर बस. जेवणाची सुट्टी बघूनच आलोय. सुट्टी संपली की तू तो पत्रा ठोकायचा प्रेस सुरू करशील, आणि भिंतीपलीकडे तुझी काकू आत्ताच आडवी झालीय.

तू म्हणशील, काकूची तर काही तक्रार नाही. नाहीच! प्रेस बसवताना तूच विचारलं होतंस, काकू, भिंतीला लागून बसवतोय, त्रास होईल का? तर म्हणाली, बसव रे, तेवढंच घरात कुणीतरी असल्यासारखं वाटेल. म्हणजे मी कोण? — पण खरंय तिचं, बहिऱ्याची कसली सोबत. हस, हस.

पण ऐक. दवाखान्यातून आल्यापासून ती दुपारी झोपली की मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसतो. तिला सांगू नकोस हं, म्हणेल म्हातारपणी हे काय चाळे. तर — तुझा प्रेस सुरू झालेला मला ऐकू येत नाही, तिच्या मनगटात कळतो. संथ चाललेली नाडी एकदम पळायला लागते, कुणी मागे लागल्यासारखी. आणि ती? गाढ झोपेत. उठून म्हणते, छान डोळा लागला हो! डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, बाबा, माणसाला आवाजाची सवय होते, काळजाला होत नाही. झोपेतही शरीर दचकतं, रक्तदाब चढतो. रोज हेच झालं तर अधू झालेलं हृदय किती सोसणार? सगळं तुझ्या प्रेसने झालं असं त्या म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही — वय आहे, साखर आहे.

बंद कर म्हणत नाही रे. समोरच्या भिंतीला ने. पाया सिमेंटात घातलाय, माहीत आहे, काम अडून राहील, गिऱ्हाईक तुटेल, सगळं कळतं. तिने शपथ घातली होती मला, पोराचं आत्ता कुठे बस्तान बसतंय, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. मोडली मी शपथ. काय करू — काल पळता पळता नाडी थांबलीच. एक ठोका आलाच नाही. मी आपला बोटं दाबून बसलोय. मग आला. आला. पण तेवढ्यात मी… जाऊ दे. हे नव्हतं सांगायचं तुला.

आणि तू दिवसभर त्या प्रेसच्या पुढ्यातच असतोस. कानात बोळे तरी घाल. बापाचीच छाती घेऊन आलायस.

उठलास? रागावलास का? — दाराकडे कुठे, प्रेस तर इकडे आहे. थांब जरा. इकडे बघून बोल ना, ओठ दिसत नाहीत मला. बाळा, पाठ करून काही बोललास का?