मार्तंडभाईंचं इंजिन का फुटलं

वहिनी, हरणी भागातले शेजारी, गॅरेजातली माणसं आणि शर्यतीतले दोस्तहो,

मार्तंडभाईंच्या शोकसभेला तुम्ही आलात, बरं केलंत. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नको म्हणालो. डोकं तापलंय. तेव्हा आज माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही.

मी संजय. महिन्यापूर्वी ड्रॅगच्या शर्यतीत, त्या सरळ धावपट्टीवर, जी गाडी बंद पडली, ती माझी. तिचं टर्बो इंजिन मार्तंडभाईंनी बांधलं होतं. आठ महिने लागले. मी मागे लागायचो, "भाई, आता तरी द्या." ते म्हणायचे, "शांतीथी, भाऊ, शांतीथी. घाई नको. ही गाडी रविवारी शर्यतीत पळणार आणि सोमवारी तुला ऑफिसला नेणार. दोन्ही जमायला हवं ने?"

पिस्टन त्यांनी तीन वेळा काढून पुन्हा बसवले. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त तितका जोर जास्त, आणि आतली आगही जास्त. ते प्रमाण ठरवणारा एक स्क्रू असतो. तो लावून झाला की भाई त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढायचे. वहिनींचीच नेलपॉलिश. रेघ तुटली, म्हणजे कुणीतरी हात लावला. मग महिनाभर गाडी स्वतः चालवायचे. सावली गावापर्यंत जाऊन यायचे, वहिनींना घेऊन भाजीला जायचे, कारेलीबागेतल्या ट्रॅफिकमध्ये मुद्दाम अडकायचे. त्यानंतरच किल्ली हातात.

माझी गाडी बंद पडल्यावर अशा माणसाबद्दल तुम्ही काय बोललात? इथे बसलेल्यांनाच विचारतोय. "भाईंच्या हातातलं कसब गेलं." कोण म्हणालं? "वय झालं, आता टर्बोच्या नादाला लागू नये." हे कोण म्हणालं? दोघांनी तर अर्धवट बांधलेली इंजिनं टेम्पोत घालून नेली. ज्यांनी तुम्हाला पाना धरायला शिकवलं, त्यांना तोंडावर विचारायची हिंमत एकाचीही झाली नाही. आणि आज हार घेऊन पुढच्या रांगेत! लाज वाटत नाही?

गेल्या मंगळवारी सकाळी त्यांच्या हृदयानं दगा दिला. त्याआधीचे तीन आठवडे गॅरेजात एकही गाडी आली नव्हती. भाई स्टुलावर बसून असायचे. पाने पुसायचे, पुन्हा पुसायचे. मी रस्त्यावरून पाहिलंय. आत गेलो नाही.

का गेलो नाही, तेही ऐका.

शर्यतीच्या दिवशी माझ्या शेजारच्या लेनमध्ये सुरतची गाडी होती. फार गाजलेली. मला वाटलं, थोडा जोर वाढवू. कोणी पाहत नाही असं बघून बॉनेट उघडलं आणि स्क्रू फिरवला. अर्धा फेरा. लाल रेघ तुटली. अर्ध्या पट्टीपर्यंत गाडी अशी पळाली की काय सांगू! आणि मग पिस्टनला भोक पडलं.

दुसऱ्या दिवशी भाईंनी विचारलं, "हात लावला होतास?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी स्क्रूकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर ताटकळलेल्या मंडळींना म्हणाले, "माझंच गणित चुकलं." असं का म्हणाले? मला माहीत नाही. विचारलं नाही. मी तिथंच उभा होतो, दोन हातांच्या अंतरावर. एक शब्द बोललो असतो तर त्यांचं नाव वाचलं असतं. नंतर तीन आठवडे होते, तेव्हाही बोललो नाही. तुम्ही न कळता बोललात. मी कळून गप्प बसलो. तुमच्याहून नालायक मी.

वहिनी, तुमच्या माणसाच्या हातात शेवटपर्यंत कसब होतं. इंजिन त्यांनी चोख बांधलं होतं. हे त्यांच्यासमोर बोलायला हवं होतं, आज फोटोसमोर बोलतोय.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. ज्याला माझ्या शेजारी उभं राहायचं नसेल, त्यानं खुशाल बाजूला सरकावं. मी काही म्हणणार नाही.