बुधवारची रात

(राणीसावरगाव. शिवकन्याच्या घराचं माळवद. दुपार. वाकळीत गुंडाळलेल्या दुर्बिणीशेजारी दोघी बसल्या आहेत.)

शिवकन्या : म्हंजे मी खोटं लिहिलं म्हनायलेत का आपल्या तारे बघायच्या गटाचे विवेकसर, ताई?

मधुवंती : खोटं असं कुणी म्हणालं नाही. 'संशयास्पद' म्हणाले.

शिवकन्या : त्यो शब्द चोराला वापरतेत.

मधुवंती : म्हणून तर कॉलेजात रजा टाकून परभणीहून स्वतः आले. आता शांतपणे सांग. भुजंगधारी तारकासमूहातला आपला तारा भडकला, हे तू कधी पाहिलंस?

शिवकन्या : बुधवारी राती, दोन वाजून दहा मिन्टाला. राती लाईट येती, मोटार चालू करून वर आले अन् डोळा लावला. चार सालं झाली, त्यो असा अंधुक, हाय का न्हाई असा. त्या राती लख्ख! वाटलं, दुसऱ्याच ताऱ्यावर गेले. शेजारच्या ताऱ्यांशी तीनदा ताडून पाहिलं, मगच लिवलं.

मधुवंती : पण आपल्या वेळेनं बुधवारी संध्याकाळी आठला पूर्वेकडच्या एका वेधशाळेनं त्याचा फोटो घेतलाय. त्यात तो अंधुकच आहे. तुझ्या नोंदीनंतर अठरा तासांत भडकलेला तारा विझत नसतो.

शिवकन्या : मग फोटोच गलत असंल.

मधुवंती : फोटो चुकलेला नाही गं. विवेकसर म्हणतात, एक नोंद अशी निघाली की बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? गटातून तुझ्या चारही वर्षांच्या नोंदी काढायच्या म्हणतात. आज पाचला ठरेल.

शिवकन्या : चारी सालाच्या? भक्ती पोटात व्हती तवा बी शिडी चढले मी. सासूबाई म्हनायच्या, हिला आभाळाचं येड लागलंय. न्हाई ताई, मी हे बिल्कुल मानणार न्हाई.

मधुवंती : मग वही काढ. शब्द न् शब्द वाच.

शिवकन्या : ऐका. 'बुधवार, रात्री २.१०. हवा स्वच्छ. चांदोबा चित्रेपाशी, मावळतीला. तारा भडकलाय.'

मधुवंती : थांब. चंद्र चित्रेपाशी? मोबाइलवर बघते... बुधवारी दोनला तो चित्रेपाशी नव्हता. हस्ताजवळ होता.

शिवकन्या : हस्ताजवळ मंगळवारी व्हता. मागचं पान बघा की.

मधुवंती : शिवकन्या, बुधवार कधी लागला तुझा?

शिवकन्या : सकाळी. उजाडल्यावर.

मधुवंती : आणि रात्री दोनला कुठला वार होता?

शिवकन्या : बुधवारच. बुधवारी जेवले, भांडे घासले, भक्तीला निजवलं, मग लाईट आली. ती रात बुधवारचीच ना? उपास बी उजाडल्याबिगर सुटत न्हाई आमचा.

मधुवंती : अगं बाई! घड्याळाची तारीख रात्री बाराला बदलते. तू तारा गुरुवारी पाहिलास. फोटोच्या नंतर!

शिवकन्या : ...म्हंजे मी खरी, अन् फोटो बी खरा.

मधुवंती : थांब, सरांना लावते. स्पीकरवर टाकते. सर, चंद्र चित्रेपाशी होता, ती नोंद गुरुवारची आहे!

विवेक : चंद्राचं वाक्य तेव्हाचं की आत्ता लिहिलेलं?

शिवकन्या : सर, नमस्कार. वहीच्या पानाचा फोटो मी त्याच सकाळी ताईंना धाडला व्हता. काढून बघा.

मधुवंती : पाठवला सर, बघा.

विवेक : हं... जुळतंय. माफ करा शिवकन्याताई, मी घाई केली. पण मग एक लक्षात घ्या. आपल्या वेळेनं बुधवारी रात्री साडेअकराला एका परदेशी निरीक्षकानं तारा भडकल्याचं कळवलंय. तुम्ही पहिल्या नाही.

मधुवंती : शिवकन्या?

शिवकन्या : लय वाईट वाटलं, ताई. पहिली मीच म्हनून चार दिस नुसती हवेत व्हते. ...सर, पहिलं नाव त्यांचंच लिवा. माझ्या नोंदी तेवढ्या पुसू नका.

विवेक : नाही पुसणार. पण रात्री बारानंतरची प्रत्येक नोंद एक दिवस पुढे न्यावी लागेल. चारही वर्षांची.

शिवकन्या : नेते. एकेक पान काढून नेते. अन् आज राती बी बघनार. त्यो किती उतरला ते कोन लिवनार मग?

विवेक : एक सांगू? आम्ही तारे मोजणारे हिशेबाचा दिवस दुपारी बाराला बदलतो. रात्र मधेच तुटू नये म्हणून.

शिवकन्या : मग सर, तुमी बी आमच्यातलेच की!

मधुवंती : बरं, दुरुस्त केलेली पहिली वही कधी पाठवतेस?

शिवकन्या : उद्या.

मधुवंती : कुठला उद्या?

शिवकन्या : उजाडल्यावरचा.