आईच्या तोंडी परीक्षेचा निकाल

निकालाच्या रांगेत माझ्या पुढे एक आई आणि तिची लेक उभ्या होत्या. आई इस्पितळात आया होती, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

"कॉम्प्युटरची परीक्षा तर पहिल्या झटक्यात पास झालीस, आई. मग आता कशाला घाबरतेस?"

"कॉम्प्युटर उलट प्रश्न विचारत नाही गं. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला समोर माणूस बसतो. दोनदा नुसतं त त प प झालं माझं."

"पण या वेळी सगळं पाठ होतं ना तुझं?"

"तिथे बसले आणि पार विसरले. परीक्षक बाई म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल सांगा."

"मग?"

"मग सांगितलं. ऑपरेशन झालेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हात कुठे द्यायचा. उठून करूनच दाखवलं."

"इंग्रजीत?"

"मोडक्यातोडक्या. बाई लिहायच्याच थांबल्या. म्हणून तर भीती वाटतेय. आज नापास झाले, तर रुग्णनोंदणीच्या टेबलावरची नोकरी हुकली. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष."

"सरक पुढे, तुझा नंबर आला."

खिडकीतून कागद बाहेर आला.

"तूच वाच गं."

"मी नाही. इंग्रजीत आहे, तू वाच."

"पास... स्पीकिंग... अगं बाई! लेखीपेक्षा बोलण्यात जास्त मार्क!"

"अगं, रडतेस काय?"

"रडू दे. तुझ्या बाबांना फोन लाव. मी बोलणार, इंग्रजीत."

"त्यांना काही कळणार नाही!"

"नाही कळलं तरी चालेल. आज त्यांनी नुसतं ऐकायचं."