टोपलीच्या बुडाची खूण

(फ्रान्स, १९१३. लुआर नदीकाठच्या एका गावची कचेरी. टोपल्या विणत गावोगाव फिरणारी झेफिरीन, गावचा म्हातारा राखणदार ओनेसिम, आणि मोटारीतून आलेला नव्या पोलीस पथकाचा इन्स्पेक्टर लुबेन.)

झेफिरीन : कान मोजलात, पाऊल मोजलंत. आता काय, जीभ मोजणार?

लुबेन : तिला माझी पट्टी पुरायची नाही, बाई. आता दहा बोटांचे ठसे. हात सैल सोडा.

झेफिरीन : उरका लवकर. भिजवलेल्या काड्या बाहेर उन्हात पडल्यात. वाळलेली काडी वळत नाही, मोडते.

ओनेसिम : साहेब, हिचे ठसे कशाला? चाळीस वर्षं ओळखतो मी हिला.

लुबेन : तुम्ही ओळखता. पुढच्या गावचा पोलीस नाही ओळखत. घर नसलेल्या फिरस्त्याजवळ मापांची वही हवीच. गावात शिरताना शिक्का, निघताना शिक्का. कायदाच आहे.

झेफिरीन : चोर सापडला की त्याला असं मोजतात म्हणे. मी काय चोरलं?

लुबेन : दाबा... पुन्हा नुसता शाईचा काळा डाग, एकही रेषा नाही. अंगठा द्या... हाही डागच! बाई, बोटं कशावर घासलीत?

झेफिरीन : घासली?

लुबेन : ओळख लपवायला बदमाश लोक बोटं दगडावर घासतात. आम्हाला शिकवलंय हे. कोठडी होईल.

ओनेसिम : अहो, काहीतरीच काय...

झेफिरीन : थांब रे, ओनेसिम. साहेब, तुमच्या मोटारीत जेवणाची टोपली आहे. सोम्यूरच्या बाजारातली ना?

लुबेन : बायकोनं आणली. तुम्हाला कसं ठाऊक?

झेफिरीन : ओनेसिम, आण ती. उलटी करू नकोस अजून. साहेब, ऐका. बुडाला सहा जाड काड्या, तिनांवर तीन. शेवटची काडी डावीकडे खोचलेली. बाकी सगळे उजवीकडे खोचतात, पण माझा हा अंगठा वाकत नाही. हं, कर आता उलटी.

ओनेसिम : तिनांवर तीन... डावीकडेच! साहेब, तुमचा पाव मात्र सांडला.

झेफिरीन : पन्नास वर्षं काड्या ओढल्या या बोटांनी. रेषा गेल्या त्या तिथं. तो ठसा चिकटवा वहीत.

लुबेन : वहीत टोपलीसाठी रकाना नाही, बाई.

झेफिरीन : मग टाका कोठडीत. पण टोपली ठेवून जा. बदमाश बाईच्या टोपलीतला पाव तुमच्या घशाखाली कसा उतरणार?

ओनेसिम : घ्या!

लुबेन : बरं, बरं. लिहितो. ‘बोटांवर रेषा नाहीत.’

झेफिरीन : मला वाचता येत नाही, ऐकू येतं. रेषा होत्या, साहेब. जन्मले तेव्हा तुमच्याइतक्याच होत्या.

लुबेन : मग काय लिहू?

झेफिरीन : ‘कामानं झिजल्या.’

लुबेन : ...लिहिलं.

झेफिरीन : वाचून दाखवा.

लुबेन : ‘कामानं झिजल्या.’

झेफिरीन : ओनेसिम, बादलीभर पाणी आण रे. काड्या पुन्हा भिजवायला लागतील.