पांढरं राखायचं असतं

आणि वर म्हणे, पांढरा रंग वापरायचाच नाही! अहो, हे काय बोलणं झालं? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी या केटा गावात पाट्या रंगवतोय. न्हाव्याच्या दुकानावरचे ते चौदा हेअरकट बघितलेत ना? माझे! ती निळी गाडी, मागे 'देवाची वेळ' लिहिलेली? तीही माझीच! आणि आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एक पोरगी मला सांगते, पांढरा डबा घरी ठेवून या!

पोरगी म्हणजे एसिनाम मॅडम, हायस्कूलच्या चित्रकलेच्या बाई. लहानपणी माझ्या शिडीखाली उभी राहायची, "एफो डोडझी, मला ब्रश द्या ना, एफो!" एफो म्हणजे आमच्याकडे दादा. आणि मी म्हणायचो, पळ गं, रंग सांडेल. आता ती वर्गात आली की मी उभा राहतो.

आता तुम्ही म्हणाल, गेलातच कशाला या वयात शाळेत? तर फ्लेक्स! छापील फ्लेक्स आला आणि माझ्या पाट्यांना कुत्रं विचारेना. हेडमास्तर म्हणाले, "डोडझी, चित्रकलेच्या वर्गाला मदतनीस हवाय, तुला घेतो. पण बोर्डाच्या परीक्षेचा कागद आण. वर्षभर बस वर्गात." बसलो. म्हणजे अर्धाच बसलो, गुडघे त्या बाकाखाली जातायत कुठं!

पहिल्याच दिवशी जलरंग. मी सवयीनं रॉकेलची बाटली काढली... ऑइल पेंट पातळ करायला आयुष्यभर दुसरं काय वापरलंय? बुडवला ब्रश! कागद असा झाला की त्यात तळलेले वडे बांधून द्यावेत. शेजारी सेयराम बसते, सोळा वर्षांची, ती नाक दाबून म्हणते, "पापा, चित्र काढताय की स्टोव्ह पेटवताय?" ब्रशाला टोक आणायला म्हणून ओठांत धरला, तर लगेच ओरडली, "मॅडम, पापा रंग खातायत!"

पण खरं दुखणं पांढऱ्याचं. मॅडम आपल्या शांतपणे, "एफो, जलरंगात पांढरं लावायचं नसतं, पांढरं राखायचं असतं. कागदच पांढरा आहे, तेवढा सोडा." सोडा? माझ्या पाटीवर माणूस आधी, दात शेवटी! पांढऱ्याचे दोन ठिपके दिले की हसला माणूस. इथं दात आधी ठरवायचे आणि मग त्यांच्या भोवतीनं माणूस रंगवायचा! कुणी असं दातांसकट जन्माला आलंय का हो?

मग आलं ओल्यावर ओलं. कागद भिजवायचा, ओला आहे तोवर रंग सोडायचा, तो म्हणे आपोआप पसरतो. आणि बाहेर डिसेंबरचा तो कोरडा वारा सुटलेला, वाळवंटाकडचा, लोकांचे ओठ फुटतायत! कागद भिजवून ब्रश उचलावा तर कागद खडखडीत, वर धुळीचा थर फुकट. मॅडम म्हणतात, "घाई करा, एफो!" केली, तर म्हणतात, "इतकी नको, एफो! ते पांढरं गेलं बघा." पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं... झोपेत बडबडायला लागलो हो! मध्येच दोन आठवडे पोस्टर कलर आले, त्यात पांढरी बाटली दिसली आणि मला अक्षरशः गहिवरून आलं. पण परीक्षेला जलरंगच. घरी मावुसीनं, बायकोनं, आकप्लेचा, म्हणजे मक्याच्या पिठाचा पांढरा गोळा वाढला, शेजारी भेंडीचा रस्सा, की मी बघत बसायचो, ऊन पडलंय तेवढं किती सोडावं? ती म्हणायची, "खाताय की राखताय?"

आणि तुम्हाला सांगतो, एक दिवस जमलं! खाडीवरचं सकाळचं ऊन. मी काही केलंच नव्हतं, नुसतं सोडलं होतं, आणि पाणी चमकत होतं! मॅडम मागे उभ्या राहिल्या, खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खोटं कशाला सांगू?

मग परीक्षा. विषय, 'बाजारातली मासेवाली'. अहो, असा हात चालला! पितळी परातीवरची चकाकी राखली, खांद्यावरचं ऊन राखलं, आणि दात... दोन्ही ओळी, कोऱ्या कागदाचे! बाई अशी हसली की पर्यवेक्षक दोनदा येऊन बघून गेले. पाच मिनिटं उरली होती. मी खूश, आणि खूश झालो की हात ऐकतोय कुणाचं? गेला आपला खालच्या उजव्या कोपऱ्यात. 'डोडझी आर्ट्स. लॉरी स्टँडसमोर.' खाली फोन नंबर, अक्षरांना लाल सावलीसकट! पाटी नंबराशिवाय संपतच नाही हो आमची!

पेपरवर नाव-पत्ता म्हणजे पेपर रद्द, हे वर्षभर सांगितलेलं. घाम फुटला. पाण्यानं पुसायला गेलो तर पसरलं, आणि तेव्हाच नेमकं ओल्यावर ओलं उत्तम जमलं, पण नंबर वाचता येतोच आहे! पर्यवेक्षकांना म्हणालो, "साहेब, एक थेंब पांढरा मिळेल का हो? एकच!" ते म्हणाले, "वेळ संपली."

निकाल आला, रद्द. मॅडम माझ्यासमोर रडल्या, मीच त्यांना पाणी दिलं. हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." वाईट वाटलं हो, फार वाटलं.

आणि आठवड्यानं फोन. "डोडझी आर्ट्स का? मी तुमचा पेपर तपासणारा. रद्द करावा लागला, नियम आहे, राग मानू नका. पण माझ्या बायकोनं सलून काढलंय, तिथं पाटी हवी. त्या मासेवालीसारखी हसरी बाई काढाल का?"

म्हटलं, काढतो साहेब.

"छान. आणि एक करा, खाली तुमचं नाव नि नंबर ठळक टाका, लोक विचारतात ना."

टाकला. काय करणार?