दोन व्याह्यांच्या दोन गाड्या

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही घाई केलीत! माझं काय चुकलं, सांगा तुम्हीच! पेट्रोलची गाडी विकली, बॅटरीवरची घेतली, घरच्या घरी चार्ज करायची, धूर नाही, आवाज नाही... तर पंधरा दिवसांत आमचे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, राहतात इथेच चार गल्ल्या पलीकडे, ते हायड्रोजनची घेऊन दारात हजर! का? तर मी बॅटरीची घेतली म्हणून!

म्हणे, तुमची गाडी म्हणजे मोबाईल, रात्रभर टांगून ठेवा. आमची पाच मिनिटांत फुल, आणि मागून पडतं काय, तर निव्वळ पाणी! तुम्हाला सांगतो, त्या माणसाने मागच्या नळीखाली पेला धरला आणि माझ्यापुढे केला. मी म्हटलं, अहो, आधी वीज खर्चून पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो दाबून टाकीत भरायचा, मग गाडीत त्याची परत वीज करायची... त्यापेक्षा ती पहिलीच वीज घ्या की! तर आठ दिवस बोलले नाहीत. माझं काय चुकलं?

बरं, मुलगी-जावई राहतात दोनशे किलोमीटरवर. मुलीचे दिवस भरत आलेले, दोघी विहिणी आधीच तिकडे जाऊन बसलेल्या. पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, मला आत नेतील तेव्हा तुम्ही बाहेर असा हं." एवढंच मागितलं हो तिने!

मंगळवारी सकाळी फोन, निघा. मी धावत खाली, गाडी चालू केली... सात टक्के! वायर मी स्वतः लावलेली! पण झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणं बंद करायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय, आणि चार्जरचं बटण नेमकं आमच्या दाराशी. म्हणजे रोज मी बंद करायचो आणि बायको गुपचूप उठून चालू करायची, हे मला ती तिकडे गेल्यावर आत्ता कळतंय! आता चार्ज व्हायला किती? सहा तास! माझं काय... नाही, हे चुकलं. मान्य.

मान खाली घालून व्याह्यांना फोन केला, उचलेनात. म्हटलं, गेला हा पाच मिनिटांत फुल करून, आता जन्मभर ऐकवणार. धापा टाकत बस स्टँड गाठला, तर बाकावर कोण? व्याही! मांडीवर पिशवी. हायड्रोजनचा पंप अख्ख्या भागात एकच, पंचेचाळीस किलोमीटरवर, तोही उलट्या दिशेला, आणि फोन केला तर म्हणतात, यंत्र बंद आहे, परवा बघू. मी विचारलं, टाकीत किती आहे? म्हणाले, पंपापर्यंत जाण्यापुरता.

मग काय, डिझेलची बस, खडखडाट, धूर, चार तास आम्ही खांद्याला खांदा लावून बसलेलो. मध्येच त्यांनी हळूच विचारलं, "पोहोचू ना हो?" मी म्हटलं, पोहोचू. मला काय ठाऊक, डोंबल!

पोहोचलो! तिला आत नेतच होते. माझा हात असा घट्ट धरला पोरीने... रडूच आलं मला. आणि दार मिटतंय न मिटतंय तोच जावईबापू मागून विचारतात, "बाबा, कोणाच्या गाडीने आलात?"

मी व्याह्यांकडे बघितलं, व्याह्यांनी माझ्याकडे... आणि वर्षभरात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. दोघंही एकदम म्हणालो, "पार्किंग मिळालं नाही, लांब लावलीय."

खोटं कुठे बोललो हो? लांबच होत्या.